संक्रांतीच्या आठवड्यातली मोजणी

भिवंडीच्या आभाळात, तेही ऐन संक्रांतीच्या आठवड्यात, पतंगाला कॅमेरा बांधून मोजणी करायला निघालेली बाई किती हुशार असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ती बाई मी. तेव्हा पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला पुरेसा वेळ मिळालेला होता. गच्चीगच्चीवर काचेच्या मांजाच्या फिरक्या घेऊन माणसं सकाळपासून उभी, आणि मी त्यांच्या मधोमध ऑफिसातला एकुलता एक डिजिटल कॅमेरा वर चढवला. का? तर वारा छान होता म्हणून. दुसरं कारण मला आजतागायत सुचलेलं नाही.

हे पतंगाचं आणि कॅमेऱ्याचं प्रकरण काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी थापा मारते. थापा मी मारतेच, पण त्या दुसऱ्या विषयांवर.

मी भिवंडीत एका खासगी सर्व्हेअरच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम करत होते. साहेब, मी आणि चेनमन बाळाराम, एवढंच ऑफिस. चेनमन म्हणजे टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस. पहिलं टोक धरणारा सावलीत उभा राहून आकडे लिहितो, दुसरं टोक धरणारा काट्यात, चिखलात, नाल्यात, जिथे टेप जाईल तिथे जातो. बाळाराम अंजूरचा, माझ्या माहेरचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. गावात मी त्याला दादा म्हणायची. ऑफिसात मात्र साहेबांसमोर नुसतं 'बाळाराम'. बाई असून मोजणीच्या धंद्यात आहोत, तर जरा रुबाब हवा, असं मला वाटायचं. रुबाबासाठी साडीवर साहेबांचा जुना खाकी शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. माझी नात सई तो फोटो बघून म्हणते, "आजी, दरोडा घालायला चालली होतीस का?"

दोन हजार साल उलटून पाचसहा वर्षं झाली असतील. शहरात लूमच्या शेड दाटीवाटीने उभ्या होत्याच, आता पूर्णा गावाकडे भाताच्या शेतांत गोडाऊनं उगवायला लागली होती. जो तो छप्पर घालत होता आणि छप्पर घातलं की ते गळतं. भिंत सरकली, विमा काढायचा, भावाभावांत वाटणी झाली, कशालाही नकाशा लागतो, आणि नकाशात छप्पर दाखवावं लागतं. जमिनीवरची भिंत मोजणं सोपं. पण दोनशे फूट लांब छपराचं आढं सरळ आहे की मधेच बसलंय, कुठला पत्रा फुटलाय, पन्हळ कुठे तुंबलीय, हे खालून दिसत नाही. म्हणून कुणीतरी वर जायचं. कुणीतरी म्हणजे बाळाराम.

सिमेंटच्या पत्र्यावर चालायची एक रीत असते. पत्र्याखाली आडवे लोखंडी वासे असतात आणि पत्रे त्यांना खिळ्यांनी आवळलेले असतात. वरून वासा दिसत नाही, खिळ्यांच्या टोप्या दिसतात. पाय टोपीवर टाकायचा. दोन ओळींच्या मधे टाकलात तर खाली काहीच नसतं, नुसतं बोटभर जाडीचं सिमेंट. त्यातही उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे बसवतात. नवे असतात तोवर ते ओळखू येतात. वर्षभरात त्यांच्यावर धूळ बसते, लूमच्या शेडमध्ये तर कापसाची फुसकी, म्हणजे उडणारे बारीक तंतूही, आणि मग सिमेंट कुठला नि फायबर कुठला, देवालाच ठाऊक.

पूर्णाच्या एका गोडाऊनवर बाळाराम असाच चालत होता. तो वरून आकडे ओरडायचा, मी खाली वहीत लिहायची. "बारा, पस्तीस," तो म्हणाला. पुढचा आकडा आला नाही. मी पेन्सिल टेकवून वाट बघत उभी. मग आतून आवाज आला. बाळाराम फायबरच्या पत्र्यातून आरपार खाली, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीवर पडला होता. खोकी नसती तर आज मी हे लिहीत नसते. मांडीचं हाड मोडलं. पुढे कित्येक महिने तो घरी पडून होता. परत आला तो उजवा पाय जरा ओढत.

त्याच्या घरी त्याला बघायला गेले, तिथेच मी शपथ घेतली. देवाची नाही, ऑफिसची. आपलं माणूस आता पत्र्यावर जाणार नाही. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग छप्पर काय आपल्या टेबलावर येणार आहे, बाई?"

"येईल," मी म्हणाले. कसं, ते मला अजिबात माहीत नव्हतं.

आता सई ज्या ड्रोनने गोडाऊनांची मोजणी करते तसलं यंत्र तेव्हा आमच्या स्वप्नातही नव्हतं. मला सुचला तो पतंग. भिवंडीत राहून पतंग न सुचणं कठीण. शिलाई मशीनवर टॅफेटाचा, छत्रीला लावतात तसल्या कापडाचा, माझ्या उंचीएवढा पतंग शिवला. काड्या बुरुडाकडून घासून आणल्या. दोरा म्हणून तंगूस, म्हणजे अंजूरच्या खाडीत मासे धरायला वापरतात ती नायलॉनची जाड तार. ती बाळारामने घरून आणली. पतंगाच्या खाली बांबूची फुली, फुलीला कॅमेरा, तोंड जमिनीकडे. राहता राहिलं बटण कोण दाबणार? ते शिवनाथने सोडवलं. शिवनाथ शेलार गावातल्या एका शेडमध्ये जॉबर होता. लूम बिघडला की जॉबर तो जुळवून देतो. त्याने खेळण्यातल्या मोटारीचं इंजीन काढलं, त्याला एक उंचवटा असलेलं चाक लावलं आणि म्हणाला, "मॅडम, लूम का ही दिमाग है, छोटा कर दिया." चाक फिरायचं, उंचवटा आला की बटण दाबलं जायचं. अर्ध्या मिनिटाला एक फोटो.

छपराभोवती जमिनीवर चार ठिकाणी पांढऱ्या कापडाच्या फुल्या अंथरायच्या आणि त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून ठेवायचं. मग फोटोत त्या फुल्या दिसल्या की माप काढता येतं. फुल्या नसतील तर तो नुसता फोटो, भिंतीवर लावायला बरा.

पहिल्याच मोजणीला पूर्णात एक म्हातारी झाडू घेऊन माझ्या अंगावर आली. "वरशी माझी मोरी दिसते का गो तुला?" तिच्या मोरीला छप्पर नव्हतं. मी म्हटलं, "दिसते, पण तुम्ही आत नाही दिसत." ती म्हणाली, "मंग मी आत जाते, आता बग!" आणि खरंच मोरीत जाऊन बसली. ती बाहेर येईपर्यंत पतंग खाली घ्यावा लागला. दुसऱ्या एका गोडाऊनच्या मालकाला फोटोत नवी गाडी हवी होती, तीही नंबर वाचता येईल अशी. असे एकेक नग भेटत. पण कामं होत होती, आणि कोणी पत्र्यावर जात नव्हतं. मला तर चढली होती. साहेब गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या बाई आभाळातून मोजतात." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला शब्दशः सांगायची.

आता शेलारचं काम.

शेलारला चार शेड एकाला एक चिकटून होत्या, मधल्या भिंती सामाईक, वर एकच लांब छप्पर. तिसऱ्या शेडचा दरवाजा लागेनासा झाला होता. शिवनाथ तिथलाच जॉबर. तो सांगायचा की लूम कितीही जुळवला तरी आठवड्यात पुन्हा वाकडा बसतो. मालकाने इंजिनिअर बोलावला. इंजिनिअर भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला, मग मला म्हणाला, "वरून आढं बघायला हवं. लवकर. पण माणूस चढवू नका. भिंत मला आवडली नाही." आत चोवीस लूम, दोन शिफ्ट, आणि ज्यांना खोली नव्हती ते कामगार तिथेच माळ्यावर झोपायचे.

म्हणजे घाई खरी होती. पण आठ दिवस थांबताच येणार नाही इतकी नव्हती. तेरवा संक्रांत होती. बाळाराम म्हणालाही, "बाय, आठ रोज थांब. सनाचं आभाल हाय, वर जागा न्हाय."

मी काय म्हणाले असेन? "आपला पतंग लढायचा नाहीये, उभा राहायचाय. त्याला कोण काय करतंय?"

दुपारी खाडीचा वारा आला तसा पतंग वर गेला. इतका देखणा उभा राहिला की माझी मान दुखेपर्यंत मी बघत बसले. तंगूस बाळारामच्या हातात, हाताला फडकं गुंडाळलेलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर हसनचाचा होते. हे मला नंतर कळलं. हसनचाचा शेजारच्या शेडचे मालक, शेलारच्या जुन्या कोकणी घराण्यातले. लूम मुलांवर सोडून जानेवारीचा महिना गच्चीवर काढायचे. आता त्यांच्या बाजूने विचार करा. पुरुषभर उंचीचा राखी पतंग कुणीतरी ऐन सणात आभाळात आणून उभा करतो, हलत नाही, डुलत नाही, कुणाशी पेच घेत नाही. असा माणूस एकतर उस्ताद असणार, नाहीतर बेअक्कल. चाचांनी मला उस्ताद समजून मान दिला.

त्यांचा छोटा लाल पतंग सरसर आला. आमच्या तंगुसावर आडवा पडला. बाळारामच्या हातातला ताण एकदम गेला.

"काटाऽऽ!" चार गच्च्यांवरून आरोळी उठली. कुणीतरी थाळी वाजवली.

आमचा पतंग गिरक्या घेत खाली आला आणि तिसऱ्या शेडच्या छपरावर, आढ्याच्या जरा अलीकडे, पडला. कॅमेरा शाबूत होता, कारण पतंगाच्या कापडाने त्याला झेललं होतं. पण वारा त्याच कापडात भरत होता आणि कॅमेऱ्याला हळूहळू पत्र्यावरून ओढत होता, पन्हळीकडे. पन्हळीत कधीचं हिरवं पाणी साचलेलं. आणि माझ्या डोक्यात काय? त्यात वीस मिनिटांचे फोटो आहेत. सगळं आढं आलंय. आता पाण्यात जाईल.

मी ओरडले, "बाळाराम, कॅमेरा!"

दोनच शब्द. पुढचं मला आठवतं ते असं: मी कॅमेऱ्याकडे बघत होते. कापड फुगतंय, बसतंय, फुगतंय. मग नजर खाली आली तेव्हा बाळाराम शिडीच्या वरच्या पायरीवरून छपरावर पाय टाकत होता. तोच पाय, ओढत चालायचा तो.

तो नीटच चालला. खिळ्यांच्या टोपीवरून, एकेक पाऊल, हात पसरून. कॅमेऱ्यापर्यंत गेला, तंगूस गळ्यात अडकवून कॅमेरा छातीशी घेतला. आणि परत वळला तर ऊन समोरून डोळ्यांत, टोप्या दिसेनात. फुसकीचा थर होता, त्यात त्याची जातानाची पावलं पतंगाच्या कापडाने पुसून टाकलेली. तो उभा राहिला. एक पाऊल टाकलं. "कट्" असा बारीक आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. तो तिथेच थिजला.

"बाय," तो म्हणाला, ओरडून नाही, अगदी शेजारी बसून सांगावं तसं, "पत्रा बोलतोय."

 खाली चोवीस लूम खडखडत होते, आणि त्यांच्या हादऱ्याने तो पत्रा थरथरत होता. मी शेडमध्ये धावले. चालू लूमच्या शेडमध्ये बोलून उपयोग नसतो, तिथले लोक ओठ वाचतात. मी किंचाळत होते आणि कामगार माझ्याकडे बघून हसत होते, कारण माझं तोंड नुसतं उघडझाप होत होतं. शिवनाथ कुठे दिसेना. मग मी भिंतीवरचा मोठा स्विच खाली ओढला.

लूम थांबले. दिवेही गेले. एकदम जी शांतता पसरली ती मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. अंधारातून शिवनाथ गरजला, "किसने स्विच गिराया? पूरा कपडा खराब हो जाएगा!"

मी वर बोट दाखवलं. अंधारात वरच्या पत्र्यावर उजेडाची एक वाकडी रेघ उमटली होती. तिच्यातून धूळ खाली झरत होती, आणि रेघेच्या शेजारी पत्रा माणसाच्या वजनाने खाली दबलेला.

शिवनाथने एक शिवी दिली, मला की पत्र्याला ते माहीत नाही. मग म्हणाला, "ताका लाओ! नया वाला!" कोऱ्या कापडाचा अख्खा ताका उलगडला गेला, दुमडून दुमडून आठ पदरी केला, आणि कामगार दोन्ही बाजूंनी लूमवर चढून, टोकं मनगटांना गुंडाळून, ते कापड डोक्याच्या वर ताणून उभे राहिले. खाली लोखंड, वर पत्रा, मधे कोरं कापड.

बाहेर आले तर समोरच्या गच्चीवरून हसनचाचा ओरडत होते. त्यांच्या हातात फिरकी नव्हती. "ओ भाऊ! हलू नको! पोटावर झोप, हात लांब कर!" त्यांना तिथून सगळं छप्पर दिसत होतं. ऊन तिरपं होतं, आणि तिरप्या उन्हात टोप्यांच्या सावल्या त्यांना दिसत होत्या, बाळारामला नाही. "तुझ्या डाव्या हाताला, वीतभर पुढं, खिळा हाय. सापडला? त्याच्यावर कोपर टाक. आता त्याच लायनीत सरक. घाई नको, भाऊ, आपल्याला कुठं जायचा नाय."

बाळाराम पालीसारखा सरकायला लागला. तो सरकला की खाली कापडही सरकायला हवं. आतल्यांना चाचांचा आवाज येत नव्हता. म्हणून मी दारात उभी राहून चाचा सांगतील ते आत सांगायची: "दो हात दरवाजे की तरफ! रुको! और एक हात!" वीस वर्षं मोजमापं ओरडून सांगायचं काम मी बाळारामला दिलं होतं. त्या दिवशी ते मी केलं, आणि माझा घसा फुटला. एकदा पुन्हा "कट्" झालं. आत कुणीतरी "या अल्ला" म्हणालं, कुणीतरी "हे भगवान".  चाचा तेवढे शांत होते. "झाला काय नाय. दुसरा पत्रा हाय तो. चल."

किती वेळ गेला? चाचा सांगायचे अर्धा तास. शिवनाथ म्हणायचा, "दस मिनट, मॅडम, आप डर गई थी." मी घड्याळ बघितलं नाही.

शेवटी बाळारामचा पाय शिडीला लागला. तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. गळ्यातला कॅमेरा काढला आणि आधी तो खाली माझ्याकडे धरला. आणि मी तो घेतला. दोन्ही हातांनी, जपून. त्याचा हात धरायला माझा हात मोकळा नव्हता.

त्यानंतर मी जे केलं ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवा, माझी हरकत नाही. हसनचाचा जिना उतरून धापा टाकत आले. त्या बिचाऱ्याच्या बोटांना मांजाने कापलं होतं, ते तसेच. "बाई, मला काय म्हाईत त्यात कॅमेरा हाय! मी समजलो कोन नवा खिलाडी आलाय." मी त्यांना फाडून खाल्लं. तुमच्यामुळे माणूस गेला असता, तुम्हाला वयाचं काही, सण म्हणजे काय लोकांचा जीव घ्यायचा. ते मान खाली घालून ऐकत राहिले. ज्या माणसाने बाळारामला खिळ्याखिळ्याने खाली आणला, त्याला मी रस्त्यात उभं करून झाडलं, आणि कॅमेरा काखेत होता.  चाचांनी घरातून खाट आणवली, बाळारामला बसवलं, चहा पाजला. 

फोटो उत्तम आले होते. तिसऱ्या शेडवर आढं मधोमध बसलेलं स्पष्ट दिसत होतं. इंजिनिअरने त्याच संध्याकाळी शेड रिकामी करायला लावली, माळ्यावरच्या झोपणाऱ्यांसकट. पुढे भिंत उतरवून नवी बांधली. उतरवताना भिंतीच्या पायातली माती नुसत्या हाताने निघाली म्हणतात. साहेबांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, "तुमच्या पतंगाने माणसं वाचवली, बाई." तेही मी घरी जाऊन शब्दशः सांगितलं.

पण कॅमेरा छपरावर पडला तेव्हा शिवनाथचं चाक थांबलेलं नव्हतं. ते अर्ध्या मिनिटाला बटण दाबत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते फोटो उघडले. आभाळ. आभाळ. राखी कापड. मग एक हात, काळा, नखात माती. मग बाळारामचा चेहरा, इतक्या जवळून की एका बाजूने कापलेला, जीभ दातांत धरलेली, मोजताना तो धरायचा तशीच. मग पत्रा आणि पत्र्यावरचा तो तडा, आणि त्याच्यावर टेकलेलं बाळारामचं कोपर. साहेब मागून म्हणाले, "हे उडवा, नकाशाला काय उपयोग?" मी मान हलवली. ते जेवायला गेल्यावर मी तो फोटो वेगळा ठेवला. का, ते स्वतःला विचारलं नाही.

ही गोष्ट मी नंतर शेकडो वेळा सांगितली. हळदीकुंकवाला, लग्नांत, सईच्या कॉलेजच्या मैत्रिणींना. मोरीतली म्हातारी, हसनचाचांची लढत, अंधारातला शिवनाथ, सगळं साग्रसंगीत. लोक हसतात, मग श्वास रोखतात, मग टाळ्या देतात. दर वेळी एक वाक्य मी असं म्हणायची: "आणि आमचा बाळाराम, वेडा, आपणहून चढला की वर!"

मागच्या महिन्यात सईने मला पूर्णाला तिचं ड्रोन बघायला नेलं. एवढंसं यंत्र, गुणगुणत वर गेलं, अख्ख्या गोडाऊनवरून शेत नांगरल्यासारखं येरझाऱ्या घालून पुन्हा तिच्या पायाशी येऊन बसलं. तिला काळजी फक्त बॅटरीची. तिने सहज विचारलं, "आजी, तुमच्या वेळी अडकलं तर वर कोण जायचं?" मी तोंड उघडलं, ते नेहमीचं वाक्य जिभेवर आलं, आणि बाहेर पडेना. बाळारामदादा दोन वर्षांपूर्वी गेला. अंथरुणात, म्हातारपणाने, नातवंडं भोवती. आता मला खोटं पाडायला कोणी उरलेलं नाही. बहुधा म्हणूनच ते वाक्य जड झालं असावं.

तर जे कधी कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. छपराच्या त्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशी संक्रांत होती. मी तिळगूळ घेऊन अंजूरला त्याच्या घरी गेले. तो पडवीत पाय पसरून बसला होता, गुडघ्याला हळदीचा लेप. वहिनी पाणी आणायला आत गेली. मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, पण 'गोड बोला' तोंडातून निघेना. तीन दिवस डोक्यात दुसरंच चाललं होतं. साहेबांना काय सांगायचं, वहिनीला काय सांगायचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मी स्वतः काय धरून चालायचं. शेवटी म्हणाले, "दादा, मी 'चढ' नव्हते म्हणाले हं. मी फक्त 'कॅमेरा' म्हणाले."

त्याने तिळगूळ तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि माझ्याकडे न बघता, कसलाही राग न धरता म्हणाला:

"चढ असा तू न्हाय बोललीस, ता खरा हाय बाय. पन शिडीवर चढल्यावर मी वलून तुझ्याकं बगला, तवा नको असा पन न्हाय बोललीस."